सपाट आलेख आणि साजूक तूप



अल्फारेटातल्या मराठी घरांत चार माणसं जमली की पूर्वी घरांच्या किमती, मुलांची कॉलेजं आणि ग्रीन कार्डाची रांग एवढे तीन विषय संध्याकाळभर पुरत असत. अलीकडे त्यात चौथ्याची भर पडली आहे. दंडावर चिकटवलेली छोटी चकती आणि फोनवर दिसणारा साखरेचा आलेख. २०२४ साली साखर सतत मोजणारे सेन्सर, म्हणजे सीजीएम, अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागले. तेव्हापासून मधुमेह असलेले, नसलेले आणि होईल या धास्तीत असलेले असे सगळेच एकमेकांना आलेख दाखवू लागले आहेत.

या आलेखांनी एक जुनं भांडण नव्याने पेटवलं आहे. भांडण तेलातुपाचं. एका बाजूला तेलाचा थेंबही वर्ज्य मानणारे लोक आहेत. त्यांच्या मते चरबी हेच मधुमेहाचं मूळ आहे. फळं खा, भात खा, पण फोडणी नको. दुसऱ्या बाजूला कीटोवाले आणि तूपवाले आहेत. त्यांच्या मते साखर वाढवतात ती कर्बोदकं, मग तूप, लोणी, चीज, पनीर हवं तेवढं खा. मधल्या मध्ये डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दोनच वेळा जेवणारे आहेत, आणि ऋजुता दिवेकरांची पुस्तकं वाचून तुपाचा डबा पुन्हा टेबलावर आणलेलेही आहेत. प्रत्येकाकडे पुरावा म्हणून फोन आहे.

माझी ओळख एवढीच की मला टाइप २ मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली, मी डॉक्टर नाही आणि विंडवर्ड पार्कवेवरच्या एका ऑफिसात डेटाबेस सांभाळणं हा माझा व्यवसाय आहे. डॉक्टरकीचा सल्ला देणं हा या लेखाचा हेतू नाही. पण एक मत मांडायचं आहे, आणि ते जरा ठामपणे मांडायचं आहे. चरबी आणि साखर यांच्या संबंधात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. आज रात्री काय होईल, दहा वर्षांनी काय होईल, आणि हृदयाचं काय होईल. आपण या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच आलेखात शोधतो आहोत. त्या आलेखात फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर असतं, आणि तेही अर्धंच.

आज रात्रीचा हिशोब

तुपात किंवा तेलात ग्लुकोज नसतं. त्यामुळे नुसतं तूप खाल्लं तर साखर जवळजवळ हलत नाही. भाताबरोबर तूप खाल्लं तर जठर रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो, भातातली साखर रक्तात हळूहळू उतरते आणि आलेखातलं शिखर बुटकं दिसतं. इथवर तूपवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे. वरणभातावर तूप घालण्याच्या आपल्या पद्धतीला शास्त्राचा आधार आहे असं जेव्हा कोणी सांगतं तेव्हा तो आधार हाच असतो.

पण जेवण भरपूर स्निग्ध असेल तर गोष्ट तिथे संपत नाही. काही तासांनी रक्तातली मेदाम्लं वाढतात. ती वाढली की इन्सुलिनचं काम मंदावतं आणि लिव्हर साखर सोडत राहतं. परिणामी शिखर बुटकं असलं तरी पठार लांबतं. पिझ्झा खाल्ल्यावर मध्यरात्रीनंतर साखर चढते हा टाइप १ मधुमेह असलेल्यांचा जुना अनुभव आहे. बॉस्टनच्या जॉस्लिन डायबेटिस सेंटरमध्ये २०१३ साली टाइप १च्या सात रुग्णांवर त्याचा नेमका प्रयोग झाला. कर्बोदकं आणि प्रथिनं तेवढीच ठेवून एका रात्री १० ग्रॅम आणि दुसऱ्या रात्री ६० ग्रॅम चरबीचं जेवण दिलं. चरबी जास्त असलेल्या रात्री सरासरी ९ ऐवजी १२.६ युनिट इन्सुलिन लागलं, आणि एवढं देऊनही साखर जास्तच राहिली. प्रयोग लहान होता, आणि माणसामाणसांत फरकही खूप दिसला. तरी दिशा स्पष्ट होती.

आता आपल्याकडच्या शनिवारच्या जेवणाचा विचार करा. पानं मांडायला साडेनऊ होतात. पनीर मखनी, पुऱ्या, बटाटेवडे, जिरा राइस आणि वर श्रीखंड. सवयीप्रमाणे जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजली की आकडा सभ्य दिसतो आणि माणूस निश्चिंत झोपतो. खरी चढण रात्री दीड-दोन वाजता सुरू होते आणि सकाळी उपाशीपोटी मोजलेली साखर १७० निघते. मग दोष ताणाला, झोपेला किंवा "डॉन फिनॉमेनन"ला दिला जातो. माझ्या स्वतःच्या सेन्सरवर हे चित्र मी अनेक शनिवारी पाहिलं आहे. तोच भात घरी सात वाजता आमटी आणि कोशिंबिरीबरोबर खाल्ला तर शिखर थोडं उंच येतं, पण झोपायच्या वेळेपर्यंत रेषा खाली आलेली असते.

जे इन्सुलिन घेतात त्यांच्यासाठी याला आणखी एक बाजू आहे. तेलकट जेवणाआधी नेहमीचा पूर्ण डोस एकदम घेतला तर आधी साखर खाली जाऊ शकते आणि नंतर वर. डोस कसा विभागायचा हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं लागतं. आणि एक साधी गोष्ट, जी प्रत्येक घरात माहीत हवी. साखर एकदम उतरली, घाम फुटला, हात थरथरले, तर पेढा, बर्फी किंवा चॉकलेट देऊ नका. त्यातल्या चरबीमुळे साखर पोचायला उशीर होतो. अर्धा कप फळांचा रस, साखरेचं पाणी किंवा ग्लुकोजच्या गोळ्या द्या, म्हणजे साधारण १५ ग्रॅम साखर, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट ९११ फिरवा.

दहा वर्षांचा हिशोब

दुसरा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. चरबीने इन्सुलिनचं काम बिघडतं ही कल्पना इंटरनेटवरच्या कुणा गुरूने काढलेली नाही. लंडनमध्ये हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी १९३०च्या दशकात निरोगी माणसांना वेगवेगळा आहार देऊन दाखवलं की चरबी जास्त आणि कर्बोदकं कमी अशा आहारानंतर साखर पचवण्याची क्षमता कमी होते. १९६३ साली फिलिप रँडल आणि सहकाऱ्यांनी स्नायूंमध्ये मेदाम्लं आणि ग्लुकोज यांच्यात जळणाची स्पर्धा कशी चालते ते मांडलं. पुढे येल विद्यापीठात जेरल्ड शुलमन यांच्या गटाने दाखवलं की स्नायू आणि लिव्हर यांच्या पेशींत साठलेली चरबी इन्सुलिनचा निरोप आत पोचू देत नाही. म्हणजे तेल वर्ज्य करणाऱ्यांच्या बोलण्यातही तथ्य आहे.

मात्र ते एक पायरी गाळतात. लिव्हरमध्ये साठलेली चरबी फक्त खाल्लेल्या चरबीतून येत नाही. गरजेपेक्षा जास्त भात, पोळी, साखर, फळांचे रस यांचंही लिव्हर चरबीत रूपांतर करतं. बिनतेलाच्या स्वयंपाकावर समोसा न खाता कुणी रोज चार वाट्या भात आणि दोन ग्लास आंब्याचा रस घेत असेल, तर त्याचं लिव्हर त्याला माफ करणार नाही.

या बाबतीत सर्वांत बोलका पुरावा इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांच्या कामातून मिळतो. त्यांचा सिद्धांत असा की लिव्हर आणि स्वादुपिंड यांत साठलेली जास्तीची चरबी उतरली तर टाइप २ मधुमेह मागे हटू शकतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या डायरेक्ट नावाच्या चाचणीत रुग्णांना काही महिने रोज सुमारे ८५० कॅलरींचा द्रव आहार दिला. वर्षाअखेरीस त्यांपैकी ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली आली होती. पंधरा किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होतं. आता कीटोवाल्या मित्रांनी लक्ष द्यावं अशी गोष्ट: त्या आहारातल्या निम्म्याहून जास्त कॅलरी कर्बोदकांच्या होत्या. आणि तेल वर्ज्य करणाऱ्यांनी लक्ष द्यावं अशी गोष्ट: कर्बोदकं कमी केलेल्या आहारानेही साखर उतरते, औषधं कमी होतात, आणि अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१९च्या अहवालात ते स्पष्ट मान्य केलं आहे. त्याच अहवालात हेही म्हटलं आहे की मधुमेहींसाठी कर्बोदकं, प्रथिनं आणि चरबी यांचं एकच आदर्श प्रमाण नाही. साठलेली चरबी कोणत्याही रस्त्याने उतरू शकते. रस्त्याच्या नावावरून आपण भांडतो आहोत.

आपलंच शरीर असं का?

या सगळ्यात आपल्या लोकांचा वेगळा विचार का करायचा, तर त्याचं उत्तर पुण्यात आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला दोघंही सडपातळ. एका फोटोत आपल्या अख्ख्या समाजाची कुंडली होती म्हणा ना.

त्यामागे पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३पासून चाललेला अभ्यास आहे. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंची. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. बारीक दिसणारी, आतून स्निग्ध अशी ही बाळं. आईच्या पोटात असताना जे मिळालं नाही त्याचा हिशोब शरीर पुढे आयुष्यभर ठेवतं असा याज्ञिकांच्या मांडणीचा गाभा आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरच्यांनी १९७२च्या दुष्काळात सुकडी आणि मिलो खाल्ला आहे. शेवटी जेवणाऱ्या, उरलंसुरलं खाणाऱ्या, गरोदरपणातही रोजगार हमीची खडी फोडणाऱ्या बायकांच्या पोटी एक पिढी जन्मली, आणि त्यांतली काही मुलं शिकून जीए-४००च्या दोन्ही बाजूंच्या ऑफिसांत येऊन बसली. मधुमेहाला "लाइफस्टाइलचा आजार" म्हणताना हे विसरून चालणार नाही. आजाराचा काही भाग आपल्या ताटातला आहे, काही भाग आपल्या आज्यांच्या रिकाम्या ताटातला आहे.

अमेरिकेतले आकडे याला दुजोरा देतात. मसाला नावाच्या अभ्यासात, जो २०१०मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागांत सुरू झाला, दक्षिण आशियाई प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण २३ टक्के आढळलं. तुलनेच्या अभ्यासात गोऱ्या लोकांत ते ६ टक्के होतं, कृष्णवर्णीयांत १८. येलच्या २००६च्या अभ्यासात बारीक, तरुण भारतीय पुरुषांच्या लिव्हरमध्ये तशाच बांध्याच्या गोऱ्या पुरुषांपेक्षा सुमारे दुप्पट चरबी दिसली. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशन २०१५पासून आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी बीएमआय २५ ऐवजी २३ला सुरू करायला सांगते. आपल्या किती फॅमिली डॉक्टरांना हे माहीत आहे? तुम्ही सांगितल्याशिवाय ते २३ला तपासतील याची खात्री धरू नका.

हृदय आलेखात दिसत नाही

आता तिसरा प्रश्न, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो.

गेल्या वर्षभरात माझ्या ओळखीतल्या तीन जणांनी आपली कोलेस्टेरॉलची गोळी स्वतःच्या मनाने बंद केली. तिघंही पन्नाशीच्या आसपासचे, तिघंही कर्बोदकं सोडून तूप, चीज, नारळाचं तेल यांवर आलेले. तिघांचंही कारण एकच: "साखर बघ, एकदम सपाट! आता स्टॅटिन कशाला?" मला या वाक्याची भीती वाटते. मधुमेही माणसाचा जीव बहुतेक वेळा साखरेच्या आकड्याने थेट जात नाही, तो हृदयविकाराने आणि पक्षाघाताने जातो. एलडीएल कोलेस्टेरॉल मोजणारी चकती अजून कुणी दंडावर लावत नाही. ते रोज वर चढत असलं तरी फोन वाजत नाही. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांत दक्षिण आशियाई वंश हीच गोष्ट धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदवली आहे. त्यात मधुमेहाची भर पडलेला माणूस सपाट आलेखाकडे बघून गोळी सोडतो, तेव्हा तो घराला आग लागली असताना पाण्याचं बिल कमी आलं म्हणून खूश होतो आहे.

चरबीचा प्रकार महत्त्वाचा आहे तो इथे. तुपातली सुमारे ६० टक्के चरबी संपृक्त असते, नारळाच्या तेलातली ८५ टक्क्यांच्या वर. शेंगदाणा तेलात ती २० टक्क्यांच्या आत आणि करडईच्या तेलात १० टक्क्यांच्या आसपास. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे टेबलस्पूनमध्ये, तुपातून आठ-नऊ ग्रॅम संपृक्त चरबी जाते. अमेरिकन हार्ट असोसिएशन ज्यांना एलडीएल उतरवायचं आहे त्यांना २००० कॅलरींच्या आहारात दिवसभरात सुमारे १३ ग्रॅम म्हणते. वरणभातावरचा चहाचा एक चमचा तूप त्यात आरामात बसतं. कॉफीत तूप, पोळीला तूप, भाजीला तूप बसत नाही.

आणि प्रश्न फक्त हृदयाचाही नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात २०१४ साली ३९ सडपातळ तरुणांना सात आठवडे रोजच्या जेवणाशिवाय जादा मफिन खायला दिले. अर्ध्यांचे पाम तेलातले, अर्ध्यांचे सूर्यफुलाच्या तेलातले. वजन दोन्ही गटांचं सारखंच वाढलं. पण लिव्हरमधली आणि पोटातली चरबी पाम तेलवाल्यांची बरीच जास्त वाढली. आपल्यासारख्या, जन्मतःच तिथे साठवण करणाऱ्या लोकांनी यातून काय ते समजावं. इंडियन स्टोअरमधून फरसाणाचं पाकीट उचलताना मागची यादी वाचा. पामोलिन जवळजवळ प्रत्येक पाकिटावर सापडेल. "हायड्रोजनेटेड" शब्दही शोधा. अमेरिकेने कृत्रिम ट्रान्स फॅट २०१८पासून बाद केलं, भारतानेही जानेवारी २०२२पासून त्यावर २ टक्क्यांची मर्यादा घातली, तरी वाचण्याची सवय असलेली बरी.

"पण आपली परंपरा?"

या ठिकाणी हमखास येणारा आक्षेप असा, की आपले पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या साजूक तूप खात आले, त्यांना कुठे झाला मधुमेह? हा युक्तिवाद ऐकला की मला विचारावंसं वाटतं, कोणाचे पूर्वज? मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतावर राबणाऱ्याच्या घरात रोज तूप होतं का? गावकुसाबाहेर होतं का? ज्या घरांत होतं त्या घरांतही तुपाची वाटी आधी कुणाच्या पानाशी जायची आणि सुनेच्या पानाशी पोचेपर्यंत त्यात काय उरायचं? तूप ही मराठी माणसाची परंपरा आहे असं म्हणताना आपण मूठभर घरांची परंपरा सगळ्यांच्या नावावर खपवतो. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य लोकांचं स्निग्ध म्हणजे कारळ्याची चटणी, जवसाची चटणी, शेंगदाण्याचा कूट, तीळ, करडईचं तेल. भाकरी, पिठलं, ठेचा आणि वर तेलाची धार. गंमत अशी की ज्याला आपण गरिबाचं खाणं समजून मागे सोडून आलो, त्याच्या बाजूने आजचं संशोधन जास्त ठामपणे उभं आहे. जवसात वनस्पतिजन्य ओमेगा-३ भरपूर असतं. शेंगदाणे आणि तीळ यांत असंपृक्त चरबीबरोबर प्रथिनं आणि तंतूही मिळतात. होल फूड्समध्ये "फ्लॅक्ससीड" या नावाने आपण तेच जवस डॉलर मोजून घेतो आणि आईने पाठवलेली जवसाची चटणी फ्रीजच्या तळाशी विसरतो.

दुसरा आक्षेप असा, की पाश्चात्त्य संशोधन दर दहा वर्षांनी उलटं फिरतं, त्यावर विश्वास काय ठेवायचा? आक्षेपात थोडं तथ्य आहे. १९७७च्या मॅक्गव्हर्न समितीनंतर अमेरिकेने चरबी कमी करा असा धोशा लावला आणि कारखान्यांनी चरबी काढून साखर भरलेली बिस्किटं विकली, हे खरं. पण याज्ञिक पुण्याचे आहेत. भारतातलं सर्वांत मोठं मधुमेहाचं सर्वेक्षण, आयसीएमआर-इंडियाब, भारतीय संस्थांचं आहे. २०२३ साली त्याने सांगितलं की देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. २०२५च्या त्याच्या आहारविषयक निष्कर्षांनुसार भारतीयांच्या ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात, आणि त्यांतला थोडा भाग प्रथिनांनी बदलला तर धोका कमी होतो. म्हणजे भात-पोळी कमी करा हे म्हणणं बरोबर आहे. त्या रिकाम्या जागी काय येतं हा प्रश्न आहे. तिथे मटकीची उसळ, दही, मासे, मूठभर दाणे आले तर एक परिणाम होईल. तिथे चीज आणि लोणी आलं तर दुसरा.

मग करायचं काय?

मोठमोठ्या क्रांतीची गरज नाही. मधुमेह होण्याआधीच्या टप्प्यावर असलेल्यांसाठी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या डीपीपी या अमेरिकन चाचणीत वजन ७ टक्के उतरवणं, खाण्यातली चरबी आणि कॅलरी कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनने ३१ टक्के. त्यावर आधारलेला कार्यक्रम चालवणारी सीडीसी, आणि दक्षिण आशियाई लोकांच्या मधुमेहावर अनेक वर्षं काम करणारं एमरी विद्यापीठ, ४००वर गर्दी नसेल तर आपल्यापासून तासाभराच्या आत आहे. बिग क्रीक ग्रीनवे तर दाराशीच आहे. शनिवारी सकाळी तिथे जेवढे देशी चालताना दिसतात, त्यांच्या दहापट शनिवारी रात्री पनीरच्या रांगेत असतात.

माझ्या सूचना चार आहेत.

एक, समाजाच्या जेवणांची वेळ. गणपती असो की दिवाळी, जेवण साडेसहा-सातला ठेवा आणि कार्यक्रम नंतर. केटररला विचारा की तळण कशात करता. दोन तळलेले पदार्थ असतील तर एक कमी करून त्या जागी उसळ ठेवा. पानात जवसाची चटणी वाढा, मुलंसुद्धा खातात.

दोन, आलेख दाखवताना त्याबरोबर आणखी तीन आकडे दाखवायची पद्धत पाडू या: एलडीएल, कमरेचा घेर आणि तीन महिन्यांचं एचबीए१सी. ज्याला हे तीन माहीत नाहीत त्याने आपल्या सपाट रेषेचं कौतुक इतरांना सांगू नये, असा अलिखित नियम झाला तर मला आवडेल.

तीन, भारतातून आलेल्या आईवडिलांवर प्रयोग करू नका. हा मुद्दा मी सर्वांत गंभीरपणे मांडतो. सहा महिन्यांसाठी आलेल्या सत्तरीच्या वडिलांचा भात-पोळी मुलगा उत्साहाने बंद करतो. वडील ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनवर असतात. खाण्यातली कर्बोदकं गेली आणि गोळी तीच राहिली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं भारतात २०२०नंतर स्वस्त झाली आहेत आणि सर्रास दिली जातात. त्यांच्याबरोबर कडक कीटो केलं तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्लं साचून जीवावर बेतू शकतं. तो आलेखही सपाटच दिसेल. प्रवासी विम्यावर असलेल्या माणसाला अशा वेळी इमर्जन्सीत नेणं म्हणजे काय, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. आहार बदलायचा तर आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि औषधांचे डोस बदलून घ्या.

चार, हे सगळं करणार कोण? बहुतेक घरांत नवऱ्याचा कीटो, सासूबाईंचं पथ्य, मुलांचा पास्ता असे तीन स्वयंपाक एकच बाई करते, तीही पूर्ण वेळ नोकरी करून. आपला आहार बदलायचा असेल तर आपली उसळ आपण मोड आणून शिजवावी. मधुमेहात स्वयंपाक शिकणं हाही एक उपचार आहे, आणि त्याला को-पे लागत नाही.

जाता जाता एक गोष्ट. आपण दरवर्षी महाराष्ट्रातल्या संस्थांना देणग्या देतो. शाळांना देतो, धरणग्रस्तांना देतो, पुस्तकांना देतो. त्यात गरोदर बायकांच्या आणि किशोरवयीन मुलींच्या पोषणाचं काम करणाऱ्या संस्थांचा वाटा वाढवावा असं मला वाटतं. पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांनी आपल्याला सांगितलं आहे की आपल्या दंडावरची चकती जे मोजते त्याची सुरुवात कुठे झाली. आज तिथे एखादी मुलगी नीट जेवली, तर तीस वर्षांनी तिच्या लेकराला, ते अल्फारेटात असो की अंबाजोगाईत, ही चकती लावायची वेळ कदाचित उशिरा येईल.